बाबा पद्मनजी : एका ग्रंथाचे आजन्म वाचक

मराठी कादंबरीचा इतिहास सांगू लागले की पहिल्याच पानावर 'यमुनापर्यटन' आणि १८५७ हे साल येते. त्याबरोबर बाबा पद्मनजी हे नाव येते, आणि बहुधा तेथेच ते मागे पडते. ही कादंबरी लिहिणारा गृहस्थ बेळगावचा होता, कादंबरी लिहिली तेव्हा त्याचे वय जेमतेम सव्वीस वर्षांचे होते आणि त्यापुढे जवळजवळ अर्धे शतक त्याची लेखणी थांबली नाही, हे सीमाभागातील वाचकांनाही क्वचितच ठाऊक असते. कोशकार, निबंधकार, नियतकालिकांचे संपादक, आत्मचरित्रकार अशा अनेक नात्यांनी बाबांनी लहानमोठी शंभराच्या आसपास पुस्तके मराठीला दिली. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच गोष्ट होती : बायबल या एका ग्रंथाचे जन्मभर चाललेले वाचन. ते वाचन कसे सुरू झाले, कसे पालटत गेले आणि त्याचे मोल त्यांना काय द्यावे लागले, हाच खरा त्यांच्या चरित्राचा गाभा आहे.

बाबांचा जन्म १८३१ च्या मे महिन्यात बेळगावात एका कासार कुटुंबात झाला. घराण्याचे आडनाव मुळे. पण पुढे पित्याचे नाव हेच त्यांचे उपनाव होऊन बसले. बेळगाव इंग्रजांच्या ताब्यात येऊन त्या वेळी उणीपुरी तेरा वर्षे झाली होती. किल्ल्याच्या पलीकडे छावणी वसत होती, आणि छावणीच्या मागोमाग १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून येथे येऊन राहिले होते. काही वर्षांनी विल्यम बेनन त्यांना येऊन मिळाले. बेनन यांचे नाव बेननस्मिथ शाळेच्या रूपाने बेळगावकरांच्या तोंडी अजूनही आहे. या मिशनने शाळा काढल्या, आणि मराठी व कानडी या दोन्ही भाषांत आपली पुस्तके लोकांच्या हाती ठेवण्यास आरंभ केला. ज्या वर्षी बाबा जन्मले त्याच वर्षी मुंबईत डॉ. जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा धर्मविषयक जाहीर वादविवाद झाला. दोन धर्मांच्या पंडितांनी सभा भरवून एकमेकांच्या ग्रंथांवर बोट ठेवावे, ही रीत महाराष्ट्रात त्या सुमारास पडत होती.

पद्मनजींचे घर भाविक होते. पूजाअर्चा, उपासतापास, नवससायास आणि पोथीवाचन यांत बाबांचे बाळपण गेले. घरात पोथी वाचावयाची, भोवती बसलेल्यांनी ती हात जोडून ऐकावयाची आणि शेवटी आरती करून उठावयाचे, हा त्या काळच्या मराठी घरांतला वाचनाचा मुख्य प्रकार. पोथीचा अर्थ लावण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर नसे. श्रवणानेच पुण्य लाभे. बाबांची मूळची वृत्ती श्रद्धाळू होती, हे त्यांच्या आत्मचरित्रातील बालपणाच्या वर्णनांवरून स्वच्छ दिसते. देवाधर्माविषयी बेफिकीर असलेला मुलगा शाळेत जाऊन बिघडला, असा हा प्रकार नव्हे. ज्याला देवाचे भय आणि ओढ दोन्ही होती, असा मुलगा मिशनच्या शाळेत गेला, आणि तेथे त्याच्यापुढे एक निराळ्याच तऱ्हेची पोथी आली.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. ख्रिस्ती धर्मग्रंथाचा आशय या मुलखाला बाबांच्या जन्मापूर्वी दोनशे वर्षे ठाऊक झालेला होता. लोंढ्यावरून घाट उतरला की गोवा लागते. त्या गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले आणि १६१६ साली ते छापून निघाले. भाषा मराठी, छंद ओवीचा, लिपी मात्र रोमन. परंतु ते पुराण होते. कथा सांगणारा सांगे आणि श्रोते ऐकत. बायबलचा प्रत्यक्ष पाठ श्रोत्याच्या हातात नव्हता. ख्रिस्तपुराण पुढे विस्मृतीत गेले, आणि मंगळुरास सालढाणा यांनी ते पुन्हा छापून विद्वानांपुढे ठेवले ते १९०७ मध्ये, म्हणजे बाबांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. घाटाखालच्या त्या ओव्यांचा आणि घाटावरच्या या गद्याचा संबंध बाबांच्या हयातीत जुळला नाही, याची अभ्यासकाला हळहळ वाटल्याशिवाय राहत नाही.

बाबांच्या हाती आलेले बायबल दुसऱ्या वाटेने आले होते. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मत्तयकृत शुभवर्तमान मराठीत आणून १८०५ मध्ये छापले. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२६ मध्ये नव्या कराराचे भाषांतर पुरे केले. आणि संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले ते १८४७ मध्ये. त्या वर्षी बाबा सोळा वर्षांचे होते. प्रॉटेस्टंट पंथीयांचा आग्रह असा की, हा ग्रंथ प्रत्येकाने स्वतः वाचावा, स्वतः समजून घ्यावा आणि त्यातील वचन आपल्याला उद्देशून आहे असे मानावे. ऐकण्याची पोथी आणि उत्तर मागणारे पुस्तक यांतला हा फरक शाळकरी वयात कोणालाच उमगत नाही. बाबांनाही तो प्रथम उमगला नाही. बायबल हा शाळेतला एक विषय होता. धडा पाठ करावा, प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि घरी जाऊन पूजेला बसावे, असा क्रम कितीतरी मुलांचा चालत असे, व त्यात कोणाला विसंगती वाटत नसे.

पुढील शिक्षणासाठी बाबा मुंबईस गेले. लोंढ्याचे जंक्शन व्हायला तेव्हा अजून सुमारे चार दशकांचा अवकाश होता. बेळगावकरांनी घाट उतरून वेंगुर्ल्यासारखे बंदर गाठावे आणि पुढचा प्रवास समुद्राने करावा, अशी त्या काळची वहिवाट. मुंबईत ते फ्री चर्चच्या विद्यालयात शिकले. डॉ. विल्सन आणि मरे मिचेल हे तेथील धुरीण. नारायण शेषाद्रि हे ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले विद्वान तेथे शिक्षक होते. या नावाभोवती त्या काळी केवढे वादळ घोंगावत होते हे लक्षात घेतल्यावाचून बाबांच्या मनःस्थितीची कल्पना यायची नाही. १८४३ मध्ये नारायण शेषाद्रींनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती अल्पवयी होता, मिशनऱ्यांजवळ राहत होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला पित्याच्या स्वाधीन करण्यात आले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही यावर मुंबई-पुण्याच्या ब्राह्मणवर्गात दोन तट पडले. बाळशास्त्री जांभेकर त्याला परत घेण्याच्या पक्षाचे होते आणि त्यासाठी त्यांनी मोठा लोकापवाद सोसला. मिशनच्या शाळेत बायबल वाचणारा प्रत्येक मुलगा यानंतर घरच्यांच्या नजरेत संशयित झाला. पुस्तक तेच, धडा तोच; पण ते उघडणाऱ्याच्या मागे आता आईबापांची चिंता उभी राहू लागली.

मुंबईत बाबांनी दोन्ही बाजूंचे वाङ्मय वाचले. अमेरिकन मिशनचे 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत होते. 'प्रभाकर' पत्रातून लोकहितवादींची शतपत्रे प्रसिद्ध होत होती. जातिभेद, विधवांची स्थिती, पुराणांतील अद्भुत कथा यांविषयी सुशिक्षित तरुण उघड बोलू लागले होते. निदान चार भिंतींआड बोलू लागले होते. याच मंडळींत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मानू नये, एका ईश्वराची भक्ती करावी ही तिची मते. आणि सभासदांनी इतर जातीच्या माणसाच्या हातचे अन्नपाणी घेऊन आपला निश्चय सिद्ध करावा, ही तिची रीत. मात्र सारे गुप्त. दादोबा पांडुरंग, राम बाळकृष्ण जयकर यांच्यासारखी माणसे या सभेशी संबंधित होती आणि तरुण बाबाही तिचे सभासद झाले. सभेविषयीची जी थोडी माहिती आज मिळते, तिच्यापैकी महत्त्वाचा भाग बाबांच्याच लेखनातून आलेला आहे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली तेव्हा सभा विस्कटली.

बाबांच्या बायबलवाचनातील हा दुसरा टप्पा फार बोलका आहे. पुराणांविषयी त्यांच्या मनात संशय उत्पन्न झाला तो चिकित्सेमुळे, आणि ही चिकित्सा त्यांना शाळेने शिकविली. तीच चिकित्सा बायबललाही लावता येते, हे परमहंस मंडळींचे म्हणणे होते : सर्व धर्मग्रंथांतील नीतिबोध तेवढा घ्यावा आणि ईश्वरप्रणीततेचा दावा बाजूस ठेवावा. काही काळ बाबांनाही ही सोयीची भूमिका मानवली. बायबल हे एक उत्तम नीतिपुस्तक असे मानले की जात सोडावी लागत नाही, घर सोडावे लागत नाही. पण त्यांच्यासारख्या स्वभावाच्या माणसाला या सोयीतच खोट दिसू लागली. जे खरे वाटते ते रात्री दार लावून करायचे आणि सकाळी कपाळाला गंध लावून बाहेर पडायचे, हे त्यांना जाचू लागले. शिवाय बाळपणीच्या भाविकतेने मागितलेले काहीतरी या सभेच्या कोरड्या विवेकात मिळत नव्हते. पाप काढून टाकणारा कोणी हवा होता. पाप म्हणजे काय याचे विवेचन त्यांना पुरेसे नव्हते. शुभवर्तमानांत त्यांना तो कोणी भेटला, असे त्यांचे स्वतःचे सांगणे आहे. ते मानावयाचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. चरित्रकाराने एवढेच नोंदवावे की, हा पालट एका रात्रीत झाला नाही. वर्षानुवर्षे पुढे-मागे होत, निश्चय करीत आणि मोडीत ते तेथवर आले, आणि आपल्या भित्रेपणाची ही हकीकत त्यांनी आत्मचरित्रात लपविलेली नाही. 'अरुणोदय' वाचनीय झाला आहे तो मुख्यतः यामुळे.

३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावात बाबांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत अनोळखी लोकांत हा विधी उरकणे कदाचित सोपे गेले असते. पण तो झाला जन्मगावी, जेथे गल्लीतला प्रत्येक माणूस त्यांना वडिलांच्या नावाने ओळखत होता. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाराचा वडिलोपार्जित मालमत्तेवरील हक्क राखला होता. सरकारी कागदावर बाबांचे काही गेले नाही. परंतु कासाराच्या घरात पंगत, सोयरीक, सुतकसोयर यांचा हिशेब कायद्याच्या पुस्तकातून होत नाही. जिवंत मुलगा घराला मेल्यासारखा झाला. पहिली पत्नी त्यांच्यामागून नव्या धर्मात आली नाही. तो संसार तेथेच मोडला. पुढे ख्रिस्ती समाजात त्यांनी दुसरा विवाह केला. पहिल्या पत्नीच्या वाट्याला काय आले याचा विचार या प्रकरणात सहसा होत नाही, आणि तो व्हावयास हवा. पतीच्या वाचनाची किंमत जिने ते पुस्तक कधी उघडले नाही तिलाही मोजावी लागली.

या घटनेला तीन वर्षे होतात न होतात तोच 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण' हा ग्रंथ बाहेर पडला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा. ग्रंथ १८५७ चा. त्याच वर्षाच्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी मिशनऱ्यांशी वाद घालीत होते आणि उत्तरेत उठावाचा वणवा पेटण्याच्या बेतात होता. बाबांच्या कथेतील विनायक आणि यमुना हे तरुण जोडपे मनाने ख्रिस्ताकडे वळलेले, एकत्र प्रार्थना करणारे, पण समाजात अजून उघड न झालेले आहे. ते देशात फिरते. वाटेत ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात. पुढे विनायकाचा अपघाती मृत्यू होतो आणि यमुनाच विधवा होते. केशवपनाचे संकट तिच्यावर येऊन ठेपते. त्यातून ती सुटते, ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. कथेची बांधणी सैल आहे, संवाद पुष्कळदा प्रवचनाच्या वळणावर जातात आणि शेवट आधीच ठरवलेला आहे, हे दोष टीकाकारांनी दाखविले आहेत व ते खरे आहेत. पण विधवांच्या कहाण्या जेथे येतात तेथे लेखणीला धार येते. आणि नवरा-बायकोने एकत्र बसून धर्मग्रंथ वाचावा, त्यावर बोलावे, दोघांनी मिळून एका निश्चयास यावे, हे चित्र मराठी गद्यात तोवर कोणी काढले नव्हते. लेखकाच्या स्वतःच्या घरात जे घडले नाही ते त्याने कथेत घडविले, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

बाप्तिस्म्यानंतरची बाबांची बरीचशी वर्षे पुण्यात गेली. फ्री चर्चच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले, आणि १८६७ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षांनी ते पद सोडून ते बायबल सोसायटी व ट्रॅक्ट सोसायटी यांच्या मराठी ग्रंथांच्या संपादनात पडले. 'सत्यदीपिका', 'उदयप्रभा', 'कुटुंबमित्र' अशा नियतकालिकांशी त्यांचा संबंध होता. 'ज्ञानोदया'तही त्यांनी पुष्कळ लिहिले. या तपशिलात फार न शिरता त्यांच्या कोशकार्याकडे वळले पाहिजे, कारण बायबलच्या वाचनाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

१८६० मध्ये त्यांनी 'शब्दरत्नावली' हा समानार्थी शब्दांचा संग्रह केला. १८६३ मध्ये मोल्सवर्थ यांच्या विशाल कोशाचा संक्षेप सिद्ध केला. धर्मोपदेशकाने हा उद्योग का करावा, असे कोणास वाटेल. परंतु बायबल मराठीत वाचणाऱ्याला पदोपदी शब्दच अडवीत होते. हिब्रू आणि ग्रीक ग्रंथांतील कल्पना मांडावयाच्या, त्यांसाठी मराठीत तयार असलेले शब्द घ्यावयाचे, आणि प्रत्येक शब्द आपले पूर्वीचे घर बरोबर घेऊन यावयाचा. 'करार' हा शब्द पाहावा. तो कचेरीतला, सावकाराच्या ओटीवरचा. देव आणि मनुष्य यांच्यातील बांधिलकीसाठी तो योजला गेला आणि जुना करार, नवा करार ही नावे रूढ झाली. 'तारण' या शब्दाची गंमत याहून मोठी. भक्ताला तारणारा देव मराठी संतवाङ्मयात सर्वत्र आहे. पण खानापूरच्या किंवा निपाणीच्या शेतकऱ्याला तारण म्हटले की प्रथम आठवते ते कर्जासाठी सावकाराकडे ठेवलेले दागिने वा जमीन. दुसऱ्याचे ऋण फेडण्यासाठी एकाने स्वतःला गुंतवावे, ही ख्रिस्ती कल्पना या दुसऱ्या अर्थाने जेवढी सहज समजते तेवढी पहिल्या अर्थानेही समजत नाही. 'प्रायश्चित्त' हा शब्द तर धर्मांतरिताच्या जिव्हारी लागणारा. शास्त्रीमंडळींच्या लेखी प्रायश्चित्त म्हणजे श्रीपती शेषाद्रीला जातीत परत घेण्याचे साधन. मराठी बायबलात तोच शब्द ख्रिस्ताने सर्वांसाठी वाहिलेल्या बलिदानाकडे बोट दाखवितो. एकाच शब्दाने एक दार मागे उघडत होते आणि दुसरे पुढे. योहानाच्या शुभवर्तमानाचा आरंभ ज्या 'शब्द' या कल्पनेने होतो, ती वाचताना शब्दब्रह्माच्या संस्कारात वाढलेल्या मराठी वाचकाच्या मनात काय उमटत असेल, याची कल्पना परदेशी मिशनऱ्याला येणे कठीणच होते. ती बाबांना येत होती, कारण दोन्ही घरांत ते राहून आलेले होते.

म्हणूनच नव्या करारावरील त्यांची टीका हा त्यांच्या वाचनाचा परिपाक मानला पाहिजे. टीका हा शब्दच आपल्याकडे ज्ञानेश्वरांपासून चालत आलेला. मूळ ग्रंथाचे बोट धरून अर्थ उलगडत जाण्याची ती परंपरा. बाबांनी परक्या देशात निर्माण झालेल्या ग्रंथाला या रीतीने मराठी वाचकाच्या जवळ आणले. पॅलेस्टाईनच्या चालीरीती, यहुद्यांचे सण, रोमन अंमल यांची माहिती नसलेल्या वाचकाला प्रत्येक अध्यायात हात देण्याची गरज होती. पाश्चात्त्य पंडितांचे साहित्य त्यांच्यासमोर होते आणि निष्कर्ष बहुतांशी त्यांच्याच परंपरेतील होते; स्वतंत्र मीमांसा त्यांत शोधू गेल्यास निराशा होईल. त्यांचे कर्तृत्व आहे ते सांगण्याच्या मराठीत. आरंभीच्या मिशनरी मराठीची वाक्ये इंग्रजी सांगाड्यावर मराठी कापड चढविल्यासारखी असत. बाबांच्या गद्यातही हा दोष अधूनमधून डोकावतो, पण उत्तरायुष्यातील लेखनात वाक्य सरळ चालते, घरगुती होते, प्रसंगी चिमटाही काढते.

आता त्यांच्या वाचनाची मर्यादा. १८६७ साली पुण्यात पाळकपदाची दीक्षा मिळाली त्याच वर्षी 'कृष्ण आणि ख्रिस्त यांची तुलना' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मुंबईत प्रार्थना समाजाची स्थापना झाली. एकाच वर्षातील या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या पिढीपुढे असलेल्या वाटा स्पष्ट होतात. प्रार्थना समाजाच्या मंडळींनी तुकारामाचे अभंग आणि बायबलमधील वचने दोन्ही आदराने वाचली. बाबांना हे शक्य झाले नाही. कृष्णकथा त्यांनी वाचली ती आरोपपत्र तयार करणाऱ्या वकिलाच्या दृष्टीने, आणि शुभवर्तमाने वाचली ती शरण आलेल्या माणसाच्या दृष्टीने. पुराणांतील चमत्कारांना जी कसोटी त्यांनी लावली ती येशूच्या चमत्कारांना लावली नाही. रूपक म्हणून, भक्तीची भाषा म्हणून जुन्या कथांचा अर्थ लागू शकतो हे, शब्दांच्या छटा इतक्या बारकाईने ओळखणाऱ्या माणसाच्या ध्यानी येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. त्याचे एक कारण त्यांच्या आयुष्यातच असावे. ज्याने घर सोडण्याची जबर किंमत दिली आहे, त्याला त्या घराच्या भिंती सुंदर होत्या असे कबूल करणे सोपे नसते. शिवाय तो काळच खंडनमंडनाचा होता. विरुद्ध बाजूचे शास्त्रीही बायबल याच दृष्टीने वाचीत होते.

पुढच्या पिढीत हे पालटले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १८९५ मध्ये त्यांनी दीक्षा घेतली, आणि ख्रिस्ताकडे आपण तुकारामाच्या पुलावरून आलो असे ते मोकळेपणाने सांगू शकले. बाबांच्या पिढीला पूल दिसला नव्हता. त्यांना नदी पोहून जावे लागले होते. पंडिता रमाबाईंनी त्याहून निराळे काम अंगावर घेतले. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आणण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे खर्ची घातली. १९२२ मध्ये त्या निवर्तल्या आणि ते भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. शब्दांची निवड हाच तेथेही कळीचा प्रश्न होता, आणि हिंदू परंपरेतील शब्द किती घ्यावेत याविषयी रमाबाईंची मते बाबांच्या काळातील रूढ भाषांतरापेक्षा बरीच कडक होती.

बाबांनी पन्नाशी ओलांडल्यावर 'अरुणोदय' लिहून काढला. मरे मिचेल यांच्या देखरेखीखाली त्याचे इंग्रजी रूपांतर १८९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि बेळगावच्या कासाराच्या मुलाची हकीकत इंग्लंड-स्कॉटलंडमधील घरांत वाचली गेली. मूळ मराठी ग्रंथाचे नशीब तितके बलवत्तर नव्हते. मराठीतील पहिल्या आत्मचरित्रांत गणना होऊनही तो दीर्घकाळ धर्मप्रचाराच्या कपाटात राहिला. 'यमुनापर्यटना'चीही तीच गत झाली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ ची 'मुक्तामाला' हीच पहिली मराठी कादंबरी असे कितीतरी वर्षे मानले जात होते. निबंधमाला हे नाव उच्चारताच सर्वांना १८७४ मध्ये सुरू झालेले विष्णुशास्त्री चिपळूणकरांचे मासिक आठवते. त्याआधी चौदा वर्षे बाबांनी त्याच नावाचे पुस्तक काढले होते, हे आता कोशातच सापडते.

'अरुणोदया'ची कथा बाप्तिस्म्यापाशी येऊन थांबते. पुढच्या आयुष्यातील निरनिराळे अनुभव त्यांनी 'अनुभवसंग्रह' या नावाने वेगळे एकत्र केले. उतारवयातही वाचन, टिपणे, छापखान्याची मुद्रिते यांतच त्यांचे दिवस जात राहिले. २९ ऑगस्ट १९०६ रोजी, वयाच्या शहात्तराव्या वर्षी बाबा पद्मनजी निवर्तले. तोवर बेळगावहून निघालेली आगगाडी लोंढ्यावरून थेट मुरगावच्या बंदरापर्यंत धावू लागून दीड तप होऊन गेले होते, आणि ज्या लंडन मिशनच्या शाळेत त्यांनी हा ग्रंथ प्रथम उघडला, त्या मिशननेही बेळगावचे आपले काम अमेरिकन मेथडिस्टांच्या स्वाधीन केलेले होते.